वडिलांचा व्हॉल्व्ह गळतोय, छातीचं हाड न कापता बदलता येईल का?

प्रश्न डिचोली तालुक्यातल्या एका मुलीचा आहे, वडिलांबद्दल. वय ६६, घरचं कुळागर, म्हणजे नारळ-पोफळीची बाग, रक्तदाबाची एक गोळी सोडली तर दुसरं औषध नाही. खोकला हटेना म्हणून आरोग्य केंद्रात गेले. तिथल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, त्यांना हृदयाचाच वेगळा आवाज ऐकू आला आणि त्यांनी टू-डी इको करायला पाठवलं. रिपोर्ट असा : मायट्रल व्हॉल्व्हच्या (डाव्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या झडपेच्या) मागच्या पडद्याचा मधला भाग, म्हणजे पी-२, फ्लेल, सिव्हिअर एमआर, म्हणजे मायट्रलची जोरदार गळती, ईएफ ५८ टक्के, डावा खालचा कप्पा आकुंचनाच्या शेवटी ४१ मिलिमीटर, डावा वरचा कप्पा ५० मिलिमीटर. हृदयरोगतज्ज्ञांनी ऑपरेशन सुचवलं आहे. मुंबईचा मावसभाऊ म्हणतो, हल्ली पायातून नळी घालून व्हॉल्व्ह बदलतात, टाका लागत नाही, दोन दिवसांत माणूस घरी, त्याच्या ओळखीतल्या एका गृहस्थांचं तसं झालंय. वडील म्हणतात, मला काही होतच नाही तर ऑपरेशन कशाला. 'बाकी नॉर्मल' असं लिहून मुलीने विचारलंय की हाड न कापता व्हॉल्व्ह बदलता येईल का, पायातून होईल का, आणि थांबलं तर चालेल का.

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. छातीचं मधलं हाड न कापता ऑपरेशन होण्याची शक्यता चांगली आहे. पायातून व्हॉल्व्ह बसवणं हा तुमच्या वडिलांसाठी आजचा मार्ग नव्हे. थांबू नका. आणि 'बदलायचा' हे मनातून जरा काढून टाका. रिपोर्टातल्या वर्णनावरून त्यांचा व्हॉल्व्ह दुरुस्त होण्याजोगा वाटतो, आणि दुरुस्त होणारा व्हॉल्व्ह बदलू नये. छेद केवढा, हा या सगळ्यानंतरचा प्रश्न. माझ्या ओपीडीत मात्र दहातले नऊ नातेवाईक सुरुवात तिथूनच करतात. साहजिक आहे, छेद डोळ्यांना दिसतो, बाकीचं दिसत नाही.

व्हॉल्व्ह का गळतो हे कळल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. तुम्ही गोव्याच्या, तेव्हा मानस पाहिलेली असणार. खाजन शेतीच्या बांधातली ती लाकडी दारं कुणी उघडत-मिटत बसत नाही. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने दार मिटतं, ओहोटीला शेतातलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. मायट्रल व्हॉल्व्हही असाच निव्वळ दाबावर चालतो, दिवसाला लाखभर वेळा. आता मानशीतून खारं पाणी आत यायला लागलं तर कारणं दोन. एक, फळीच कुजली किंवा बिजागरी निसटली. दोन, फळी धड आहे पण चौकट फाकली, म्हणून दोन दारं एकमेकांना भिडत नाहीत. हृदयातही हेच. पडदा किंवा त्याला खालून धरून ठेवणाऱ्या बारीक दोऱ्या बिघडल्या तर ती प्रायमरी गळती. स्नायूच कमजोर होऊन कप्पा फुगला, जसं मोठ्या हार्ट अटॅकनंतर होतं, आणि पडदे एकमेकांपासून लांब ओढले गेले तर ती फंक्शनल गळती. दोन्ही रिपोर्टांवर 'सिव्हिअर एमआर' एवढंच ठळक लिहिलेलं असतं. उपचार मात्र वेगळे, ऑपरेशनचा फायदाही वेगळा. मावसभावाच्या ओळखीतल्या ज्या गृहस्थांचं पायातून झालं, त्यांचं दुखणं कदाचित वेगळ्याच जातीचं होतं.

तुमच्या वडिलांची गळती पहिल्या प्रकारची. 'फ्लेल' म्हणजे दोरी तुटून पडद्याचा तो भाग मोकळा झालाय आणि दर ठोक्याला उलटून वरच्या कप्प्यात जातोय. वयापरत्वे पडद्याचं ऊतक सैल होतं, त्यातून हे घडतं. नारळाचं ओझं उचलल्यामुळे झालं का, असं बरेच जण विचारतात. नाही, आणि कुणाला दोष देण्यातही अर्थ नाही. आपल्याकडे तरुण वयात व्हॉल्व्ह बिघडण्याचं मोठं कारण अजूनही संधिवाताचा ताप आहे. लहानपणी घसा धरतो, सांधे सुजतात, आणि पुढे काही वर्षांनी पडदे जाड, आखडलेले, एकमेकांना चिकटलेले आढळतात. असा व्हॉल्व्ह दुरुस्त होणं कठीण असतं, बदलावा लागण्याची वेळ जास्त येते. वडिलांच्या रिपोर्टात तसा उल्लेख नाही, हे सुदैव समजा.

आता त्या ५८ टक्क्यांकडे येऊ, कारण माझ्या मते तुमच्या कागदावरचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा तोच आहे आणि नेमका तोच तुम्ही 'बाकी नॉर्मल' म्हणून सोडून दिलाय. ईएफ म्हणजे डावा खालचा कप्पा दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतो ते. एरवी ५५ च्या वर असलं की डॉक्टर मान डोलावतात. पण व्हॉल्व्ह गळत असताना हे गणित फसवं होतं. कप्प्याला रक्त पुढे महाधमनीत ढकलायला जोर लागतो, मागे वरच्या कप्प्यात मात्र ते फुकट निसटतं, कारण तिथे दाबच कमी. त्यामुळे स्नायू थकला तरी आकडा चांगला दिसतो. जोरात गळणाऱ्या मायट्रलमध्ये निरोगी स्नायूचा ईएफ ६० च्या बराच वर असायला हवा. म्हणून अमेरिकेच्या २०२० च्या आणि युरोपच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना एकच सांगतात. गळती प्रायमरी आणि सिव्हिअर असेल, आणि ईएफ ६० किंवा त्याखाली आला असेल अथवा आकुंचनाच्या शेवटचा व्यास ४० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त झाला असेल, तर रुग्णाला कसलाही त्रास नसला तरी ऑपरेशन करावं. तुमच्या वडिलांनी दोन्ही रेषा ओलांडल्या आहेत. थोड्याच, पण ओलांडल्या आहेत. ऑपरेशननंतर मागची फुकटची वाट बंद होते, ईएफ आणखी काही टक्के खाली उतरतो आणि स्नायूची खरी ताकद उघडी पडते. ५८ वर केलं तर शरीर ते सोसतं. ईएफ ४० वर पोचल्यावर केलं तर व्हॉल्व्ह दुरुस्त होतो, पण दम लागायचा तो लागतोच.

आणि 'मला काही होत नाही' याबद्दल. कुळागरात राबणारा माणूस दम लागला असं कधी म्हणत नाही, तो काम बदलतो. त्यांना 'त्रास होतो का' असं विचारूच नका. विचारा की गेल्या पावसाळ्याच्या आधी पाटाचं पाणी वळवायला खाली कोण उतरायचं आणि आता कोण उतरतं. चढणीवर येताना मध्ये कुठे थांबता? उशा किती घेता? एका गृहस्थांनी मला ठामपणे सांगितलं होतं की काही बदल नाही. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीने शांतपणे सांगितलं की जत्रेला देवळाच्या पायऱ्या न चढता यंदा खालूनच नमस्कार केला. मला तेवढं पुरलं. शिवाय खोकला. आडवं झाल्यावर वाढणारा, रात्री उठवणारा खोकला फुप्फुसात रक्ताचा दाब साचल्याचं लक्षण असू शकतो. उलट रक्तदाबाची गोळी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल असेल तर तिनेही सुका खोकला येतो. गोळीचं नाव बघून डॉक्टरांना सांगा. गोळी आपणहून बंद मात्र करू नका.

औषधाने थांबेल का, असंही तुमच्या प्रश्नात आडून आलंय. तुटलेली दोरी गोळीने जुळत नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळीने दम कमी होतो, रक्तदाब आटोक्यात ठेवल्याने गळतीचा जोर थोडा उतरतो. पण खालचा कप्पा फुगत जातो तो जातोच.

बदलण्यापेक्षा दुरुस्ती बरी, असं मी आग्रहाने का म्हणतो ते सांगतो. व्हॉल्व्हच्या दोऱ्या खालच्या कप्प्याच्या भिंतीला बांधलेल्या असतात आणि कप्प्याचा आकार टिकवायला त्या मदत करतात. स्वतःचा व्हॉल्व्ह राखला की ही रचना शाबूत राहते, स्नायू जास्त चांगला सावरतो, आणि रक्त पातळ करायच्या गोळीच्या जन्मभराच्या बेडीतून माणूस सुटतो. पॅरिसच्या अलां कार्पांतिए यांनी या दुरुस्तीचं शास्त्र बसवलं, आणि पी-२ ची तुटलेली दोरी हा त्यातला सगळ्यात सरळ धडा आहे. जिथे हे काम नेहमी होतं तिथे अशा व्हॉल्व्हची दुरुस्ती जवळजवळ नेहमीच जमते, आणि वडिलांसारख्या बाकी ठणठणीत माणसात जिवाचा धोका शंभरात एकाच्या आसपास असतो.

छोट्या छेदाचं ऑपरेशन प्रत्यक्षात कसं होतं ते नीट वाचा, कारण इथेच गैरसमज आहेत. नेहमीच्या पद्धतीत छातीच्या मधोमध वीतभर छेद घेऊन हाड उभं कापतात आणि शेवटी तारांनी बांधतात. छोट्या पद्धतीत रुग्णाला उताणं झोपवून उजवी बाजू थोडी उचलतात. उजव्या छातीच्या खाली, बाजूकडे, पाच-सहा सेंटिमीटरचा छेद, आणि चौथ्या-पाचव्या बरगडीच्या फटीतून आत शिरायचं. हाड कापत नाहीत. भूलतज्ज्ञ उजवं फुप्फुस तात्पुरतं मिटवून ठेवतात, म्हणजे समोर जागा होते. जांघेत लहान छेद घेऊन मांडीच्या शिरेत आणि धमनीत नळ्या घालतात, त्या हार्ट-लंग मशीनला जोडतात. अन्ननलिकेतून घातलेल्या इकोवर मी नळीचं टोक उजव्या कप्प्यात पोचलेलं पाहतो, तोवर पुढचं काही करत नाही. मग बाजूच्या बारीक भोकातून लांब चिमटा महाधमनीला लावायचा, हृदयात थंड औषध सोडून ते थांबवायचं आणि वरचा डावा कप्पा उघडायचा. म्हणजे हे ओपन हार्टच आहे, फक्त खिडकीतून केलेलं. हृदय थांबतं, मशीन लागतं, आयसीयू लागतं. 'दुर्बिणीतून आहे, किरकोळ आहे' असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

आत गेल्यावर तुटलेल्या दोरीच्या जागी गोर-टेक्सचा पांढरा धागा लावतात, एक टोक स्नायूच्या उंचवट्यावर आणि दुसरं पडद्याच्या काठावर. लांबी नेमकी किती ठेवायची यात सगळं कसब आहे. मिलिमीटर-दोन मिलिमीटर जास्त झाली तर पडदा पुन्हा वर उलटतो, कमी झाली तर खाली ओढला जाऊन भिडत नाही. मग व्हॉल्व्हच्या घेराला एक रिंग शिवतात. त्यानंतर मला स्वतःला सगळ्यात आवडणारा भाग येतो. रबरी फुग्याच्या पिचकारीने खालच्या कप्प्यात सलाइन भरायचं आणि बघत राहायचं. दुरुस्ती जमली असेल तर दोन्ही पडदे भरून फुगतात आणि त्यांच्या मधली रेष हसऱ्या ओठांसारखी मिटते, थेंब येत नाही. कुठे धार दिसली तर ती कुठून येते ते तिथेच कळतं आणि आणखी एक टाका घालता येतो. हृदय चालू झाल्यावर पुन्हा अन्ननलिकेतला इको. किरकोळ झिरपण्यापेक्षा जास्त गळती दिसली तर मशीन पुन्हा चालू करून ती सुधारायची. 'चालेल' म्हणून छाती बंद करायची नसते.

हे सगळ्यांना करता येत नाही. जांघेच्या किंवा पोटातल्या धमन्या कॅल्शियमने खरखरीत झालेल्या असतील तर तिथून उलट्या दिशेने रक्त सोडलं की कचरा मेंदूत जाण्याची भीती असते. म्हणून आधी छातीपासून जांघेपर्यंतचा सीटी अँजिओ काढतात. कधीकाळी टीबी किंवा न्यूमोनिया होऊन उजवं फुप्फुस छातीला चिकटलेलं असेल तर शिरायला वाटच राहत नाही. वडिलांना खोकला आहे, तेव्हा तरुणपणी टीबीची औषधं घेतली होती का ते नक्की आठवायला सांगा. त्या पिढीत ही गोष्ट घरातही बोलत नसत. महाधमनीचा व्हॉल्व्हही बऱ्यापैकी गळत असेल किंवा कॉरोनरीत, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत, अडथळे असून बायपासही करायची असेल, तर छाती मधोमध उघडणंच शहाणपणाचं. म्हणून अँजिओग्राफी आधी होणारच, तिला नाही म्हणू नका.

आणि छोट्या छेदाची म्हणून काही दुखणी आहेतच. मशीनवरचा वेळ जास्त लागतो. जांघेत पाणी साचतं किंवा धमनीला इजा होऊ शकते. क्वचित उजव्या बाजूच्या श्वासपटलाची नस दुखावते. कधी मध्येच अडचण येऊन हाड कापावं लागतं, त्याला रुग्णाची संमती आधीच घेतलेली असते. ब्रिटनमध्ये ३३० रुग्णांवर दोन्ही पद्धतींची तुलना झाली, निष्कर्ष २०२३ मध्ये 'जामा' या नियतकालिकात आले. दोन्ही बाजूंचे सर्जन अनुभवी होते. बारा आठवड्यांनी चालणं-फिरणं, कामधाम दोन्ही गटांत सारखंच निघालं. दुरुस्तीचं यश सारखं, सुरक्षितता सारखी. छोट्या छेदवाल्यांचा रुग्णालयातला मुक्काम थोडा कमी. मी छोट्या छेदाचा समर्थक आहे, तरी हे सांगतो. पहिले काही आठवडे सोपे जातात, दुखणं कमी, स्कूटर लवकर हाती येते; तिमाही उलटली की फरक पुसला जातो. तेव्हा ज्या सर्जनचा मायट्रल दुरुस्तीत हात बसलाय पण तो हाड कापूनच करतो, त्याला सोडून केवळ छोट्या छेदासाठी कुठे नवख्या हाताखाली जाऊ नका.

आता पायातून. मावसभाऊ सांगतो ते खोटं नाही, फक्त त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात.

तावी किंवा टॅव्हीचं, म्हणजे नळीतून महाधमनीचा व्हॉल्व्ह बसवण्याचं, नाव तुम्ही ऐकलं असेल. २००२ मध्ये फ्रान्समधल्या रुआं शहरात अलां क्रिबिए यांनी पहिल्यांदा मांडीच्या शिरेतून महाधमनीचा व्हॉल्व्ह बसवला. तो व्हॉल्व्ह अरुंद झालेला होता, गळणारा नव्हे. अरुंद व्हॉल्व्हवर कॅल्शियमचे खडे असतात आणि नवा व्हॉल्व्ह त्या खड्यांच्या आधारानेच अडकून राहतो. निव्वळ गळणाऱ्या महाधमनीच्या व्हॉल्व्हला हा आधार नसतो, घेरही ताणलेला असतो, त्यामुळे नवा व्हॉल्व्ह सरकण्याची भीती. पडद्यांनाच चिमट्यासारखा पकडून बसणारा ट्रिलॉजी नावाचा व्हॉल्व्ह याच कारणासाठी बनवला गेला, त्याला युरोपात २०२१ मध्ये गळतीसाठी मान्यता मिळाली. पण तो महाधमनीचा. वडिलांचा मायट्रल. मायट्रलचा घेर मोठा, इंग्रजी डी अक्षरासारखा, दर ठोक्याला हलणारा, आणि नवा व्हॉल्व्ह बसवताना महाधमनीकडची वाट अडण्याचा धोका. म्हणून मायट्रलचं नळीतून 'बदलणं' मागे राहिलं. युरोपात टेंडाइन या व्हॉल्व्हला २०२० मध्ये मान्यता मिळाली, पण तोही बरगड्यांमधून हृदयाच्या टोकातून घालावा लागतो आणि ज्यांना ऑपरेशन झेपणार नाही अशांसाठी आहे. एक अपवाद आहे. आधी बसवलेला प्राण्याच्या ऊतकाचा व्हॉल्व्ह झिजला असेल तर त्याच्याच आत नवा व्हॉल्व्ह पायातून बसवता येतो, कारण तिथे कडक गोल चौकट तयार असते.

तिसरी गोष्ट म्हणजे मायट्राक्लिप. हे बदलणं नव्हेच. मिलानचे सर्जन ओत्ताविओ अल्फिएरी यांनी १९९१ मध्ये दोन्ही पडदे मधोमध एका टाक्याने जोडायची युक्ती काढली. क्लिप तेच काम जांघेच्या शिरेतून, वरच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीला भोक पाडून करते. वडील ८२ वर्षांचे असते, मूत्रपिंडं थकलेली असती, फुप्फुसं गेलेली असती, तर मी स्वतः क्लिपसाठी पाठवलं असतं. फंक्शनल गळतीतही, औषधं पूर्ण प्रमाणात देऊन झाल्यावर, निवडक रुग्णांना तिचा चांगला उपयोग होतो. ६६ वर्षांच्या धडधाकट माणसात मात्र थोडीफार गळती मागे राहण्याची शक्यता जास्त, आणि क्लिप लावल्यावर पुढे दुरुस्तीची वेळ आली तर पडदे खराब झाल्याने बहुधा व्हॉल्व्ह बदलावाच लागतो. खर्चही नुसत्या उपकरणाचा लाखांत.

समजा टेबलावर दुरुस्ती जमलीच नाही, तर बदलावा लागेल. कुठला व्हॉल्व्ह घालायचा हे भूल देण्याआधी ठरलेलं असलं पाहिजे, म्हणून आत्ताच घरात बोला. धातूचा व्हॉल्व्ह झिजत नाही, पण रक्त पातळ करायची गोळी जन्मभर. आपल्याकडे थिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने घडवलेला चित्रा व्हॉल्व्ह डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा एका रुग्णाला बसला, तेव्हापासून कितीतरी गरीब घरांना तो परवडला. ऊतकाच्या व्हॉल्व्हला ही गोळी साधारण तीन महिने, पण तो दहा-पंधरा वर्षांत झिजतो, मायट्रलच्या जागी जरा लवकरच. वडिलांच्या वयात मी ऊतकाचा सुचवेन. पस्तिशीतल्या माणसाला वेगळं सांगितलं असतं, आणि मूल हवं असलेल्या तरुणीला तर अजून वेगळं, कारण वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ करायची तीच गोळी, गर्भाला बाधतं.

रक्त पातळ करायची गोळी, म्हणजे बहुतेकदा वॉरफरिनच्याच जातीची ॲसिट्रॉम, थोडे महिने का होईना घ्यावी लागेल. तिचा डोस आयएनआर या रक्ततपासणीवर ठरतो. मायट्रलच्या जागी धातूचा व्हॉल्व्ह असेल तर तो साधारण २.५ ते ३.५ मध्ये ठेवतात. पालेभाज्या बंद करा असं कुणीतरी सांगेल, ते चूक. तांबडी भाजी, शेवग्याचा पाला, पावसाळ्यातला टाकळा, सगळं खा, फक्त दर आठवड्याला साधारण सारखं खा. श्रावणात रोज पालेभाजी आणि चतुर्थीनंतर एकदम बंद, असं झालं की आयएनआर डोलतो. दुखण्यावरच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत. उराकाच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, मोसमात 'थोडीशी चालते ना' हा प्रश्न मला हमखास येतो. ही गोळी चालू असताना नाही चालत. आणि नव्या गोळ्या आल्यात, त्यांना तपासणी लागत नाही, असं ऐकून धातूच्या व्हॉल्व्हवाल्याने गोळी बदलू नये. डॅबिगॅट्रानचा तो प्रयोग रक्तस्राव आणि गुठळ्या वाढल्याने थांबवावा लागला होता.

कुठे करायचं. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, हृदयशस्त्रक्रियेचा विभाग आहे, आधी तिथे दाखवा. दुसरं मत घ्यायला बेळगाव, मुंबई किंवा बंगळूरला जाण्यात कमीपणा नाही, कुठलाही भला सर्जन त्याने रागावत नाही. जिथे जाल तिथे विचारा : मायट्रलची दुरुस्ती तुम्ही किती वेळा करता, छोट्या छेदातून किती, त्यातल्या किती जणांना शेवटी व्हॉल्व्ह बदलावा लागला. उत्तर टाळलं तर तेही उत्तरच. पैशांसाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आहे का बघा. किमान पाच वर्षं गोव्यात राहणाऱ्यांसाठी ती २०१६ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचं संरक्षण ठरलं होतं. तुम्ही निवडाल ते रुग्णालय, ती शस्त्रक्रिया आणि ती रिंग योजनेत बसते का, हे भरती होण्याआधी तिथल्या योजनेच्या खिडकीवर लेखी विचारून घ्या. छोट्या छेदाला लागणारं जादा सामान कधी कधी बाहेर राहतं आणि डिस्चार्जच्या दिवशी भांडण होतं.

तोवर घरी एवढं करा. दंतवैद्याला दाखवून किडलेले दात आत्ताच काढून किंवा भरून घ्या, कारण दातातले जंतू रिंगवर किंवा नव्या व्हॉल्व्हवर जाऊन बसले तर ते दुखणं मूळ दुखण्यापेक्षा वाईट. ऑपरेशननंतरही दात काढायची वेळ आली तर तासभर आधी अँटिबायोटिकचा डोस लागेल, हे दंतवैद्याला दर वेळी सांगायचं. पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेले, खारे मासे, लोणच्याच्या बरण्या, पापड यंदा वडिलांच्या ताटापासून लांब. मीठ पोटात गेलं की अंगात पाणी साचतं. जड उचलणं, चढणीवर घाई नको. सपाटीवर रोज चालणं चालू राहू दे. छाती एकदम धडधडायला लागली, ठोका अनियमित वाटला तर त्याच दिवशी ईसीजी काढा. वरचा कप्पा ५० मिलिमीटरचा झालाय, एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्याची अनियमित धडधड, सुरू व्हायला तेवढं पुरतं. त्यात गुठळी होऊन अर्धांगाचा धोका असतो, आणि ते सुरू झालं तर ऑपरेशन आणखी अलीकडे आणावं लागतं. रात्री दम कोंडून उठून बसले तर सकाळची वाट न बघता १०८ बोलवा.

ऑपरेशननंतर हाड कापलेलं असेल तर दोन-तीन महिने स्कूटर, विहिरीचं पाणी ओढणं, नारळाची पोती यातलं काही नाही. छोट्या छेदात साधारण महिन्याभरात हळूहळू सुरुवात करता येते. कुळागरातली चढ-उतर दोन्हीकडे सर्जनला विचारूनच. चतुर्थी तोंडावर असेल तर सण होऊ द्या, पण 'पुढच्या वर्षी बघू' नको. आठवड्यांचा उशीर चालेल, महिन्यांचा नाही.

पुढची पायरी म्हणजे अन्ननलिकेतून करायचा इको, टीईई. त्यात पी-२ शिवाय शेजारचे भाग किंवा पुढचा पडदाही सैल आहे का, घेरावर कॅल्शियम आहे का, हे दिसतं. दुरुस्ती सोपी की अवघड ते त्यावर ठरतं. तो झाला की नुसता कागद नको, सीडी मागून घ्या आणि जिथे दाखवाल तिथे तीच लावून दाखवा.